नऊ चांगल्या बाटल्या

डॉक्टरांनी भिंतीवरच्या चौकटीतला दिवा लावला आणि त्याचा उजवा हात मांडीवरून उठला. त्याने उचलला नव्हता, आपोआप उठला. दुधी काचेवर छातीच्या एक्स-रेच्या दोन काळ्या फिल्म शेजारी शेजारी लटकत होत्या, मागून पांढरा उजेड येत होता, आणि हात कोपरात वळून, अंगठा आणि पहिली दोन बोटं जरा पुढे काढून, डावीकडच्या फिल्मच्या रोखाने निघाला होता. टेबलाच्या काठापर्यंत पोचला तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. मग काहीतरी करायचं म्हणून त्याने नाक खाजवलं आणि हात परत आणून गुडघ्यावर ठेवला. डॉक्टर पाठमोरे होते, त्यांना काही दिसलं नाही. शेजारच्या खुर्चीवर मांडीवर पर्स धरून बसलेल्या ताईला मात्र दिसलं. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा समोर बघायला लागली. फिल्म तिच्या होत्या, आणि डॉक्टर अजून एक शब्दही बोलले नव्हते.

हा हात गेली एकतीस वर्षं बाटल्या उचलत आला होता. काचेच्या कारखान्यात भट्टीतून निघून थंड झालेल्या बाटल्या पट्ट्यावरून एकामागून एक येतात, दुधी काचेच्या उजळलेल्या भिंतीसमोरून सरकतात, आणि तिथे खुर्चीत बसलेल्या तपासनीसाने त्यातली वाईट बाटली उचलून बाजूच्या मोडीच्या पेटीत टाकायची, एवढंच काम. ऐकायला पोरखेळ. पण एक बाटली डोळ्यांसमोर असते ती अर्ध्या श्वासाइतका वेळ, आणि तेवढ्यात तडा, बुडबुडा, काचेत अडकलेला खडा, वाकडी मान, पातळ राहिलेलं बूड, सगळं बघायचं असतं. बघायचं असतं असं म्हणणंही तितकंसं खरं नाही. त्याला शिकवणारा म्हातारा तपासनीस पहिले तीन आठवडे काही बोललाच नव्हता. नुसता शेजारी बसायचा, आणि हा एखाद्या बाटलीकडे नीट निरखून बघायला लागला की त्याच्या खुर्चीला पायाने धक्का द्यायचा. चौथ्या आठवड्यात एवढंच म्हणाला, "बघत बसशील तर मागच्या सहा निघून जातील. डोळे ढिले सोड. हाताला कळतं." आणि खरोखरच एके दिवशी हाताला कळायला लागलं. आधी पेटीत बाटली फुटल्याचा आवाज यायचा आणि मागाहून त्याच्या डोक्यात उजाडायचं, की अरे, बुडबुडा होता. वीस मिनिटं खुर्चीत, मग वीस मिनिटं हिरव्या भिंतीकडे तोंड करून डोळ्यांना विश्रांती, असं एकतीस वर्षं. घरी पाहुण्यांसमोर पाण्याचे पेले मांडले की त्यातला एखादा त्याचा हात परस्पर उचलून बाजूला ठेवायचा आणि बायको म्हणायची, "अहो, ठेवा तो जागेवर. पाणी काय ओंजळीत देऊ?" ताईला मात्र या सगळ्याचा केवढा अभिमान. कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगायची, आमच्या धाकट्याच्या डोळ्यातून केससुद्धा सुटत नाही.

डॉक्टर वळले. चांगला माणूस होता, घाई नसलेला, बोलण्याआधी चष्मा काढून पुसणारा. "उजवीकडची आत्ताची," ते म्हणाले. "हा इथे ठिपका दिसतोय बघा, वाटाण्याएवढा. डावीकडची तीन वर्षांपूर्वीची, मोतीबिंदूच्या वेळची. ती साफ आहे." मग त्यांनी सांगितलं, की हा जुना व्रण असू शकतो किंवा दुसरंही काही असू शकतं. सुई पोचेल अशी जागा नाही, मोठ्या यंत्रात पाहिलं तरी नक्की काही कळलं नाही. रस्ते दोन. ऑपरेशन करून तेवढा भाग काढून टाकायचा, पण ताईंचं हृदय पाहता त्यात जोखीम आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. किंवा तीन महिने थांबून पुन्हा फिल्म काढायची. "वाढला असेल तर काढावाच लागेल, आणि तेव्हा हे तीन महिने हातचे गेलेले असतील." त्याने विचारलं, "तुमची बहीण असती तर तुम्ही काय केलं असतं?" डॉक्टरांनी चष्मा घातला. "तर मलाही कोणीतरी दुसऱ्याने सांगावं असंच वाटलं असतं," ते म्हणाले. "शनिवारपर्यंत कळवा." त्या दिवशी मंगळवार होता. हे सगळं तो ऐकत होता, पण मनाचा एक कोपरा केव्हाच त्या एका वाक्यापाशी जाऊन बसला होता. डावीकडची साफ आहे. त्याचा हात डावीकडे निघाला होता.

जिना उतरताना ताई एका पायरीवर थांबली. "तुझा हात उठला," ती म्हणाली.

"सवय आहे."

"सवय आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच म्हणतेय."

"ताई, ती काही बाटली नव्हती."

"काचेवर लावलेलं होतं, मागे दिवा होता, आणि डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत तुझा हात उठला. मला आणखी काय पाहिजे? काढ म्हणालास तर काढू."

"मी कसं सांगू?"

"तूच सांगायचंस. मी जन्मभर तुझं ठरवत आले, आता माझं एक तू ठरव. फिटंफाट." आणि ती हसली. जीव टांगणीला लागला असताना हसणं फक्त तिलाच जमायचं. हात नेमका कोणत्या फिल्मकडे गेला होता हे सांगायला त्याने बसथांब्यावर तोंड उघडलं, पण तेवढ्यात बस आली, आणि बसमध्ये ती एका बाईच्या कोटाच्या कॉलरबद्दल बोलत राहिली. कॉलर उलटी लावून दिली होती म्हणे त्या दुसऱ्या शिंप्याने, आणि वर फॅशन आहे म्हणून सांगितलं. ती उतरून गेल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. तिला वाटत होतं हात वाईटाकडे गेला. तो गेला होता चांगल्याकडे, आणि हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळपासून त्याचं सगळं बिनसलं. घराजवळच्या चौकात रस्ता ओलांडायला उभा राहिला आणि सिग्नलमधला हिरवा माणूस दोनदा येऊन गेला तरी पाय उचलेना, कारण आता पाय कोण उचलतं ते बघावं असं त्याच्या मनात आलं. आजवर कधी बघितलं नव्हतं. माणूस रस्ता ओलांडतो म्हणजे काय करतो? डावीकडून येणारी सायकल, उजवीकडचा थांबलेला ट्रक, पुढच्या बाईच्या पिशवीचं हेलकावणं, हे सगळं कुठेतरी आत जातं, तिथे त्याचं काहीतरी होतं, आणि पाय पडतो. मधल्या खोलीत काय चालतं ते कोणी बघितलेलं नसतं. आपण त्या खोलीच्या बाहेर, हिरव्या भिंतीकडे तोंड करून बसलेले असतो, आणि आतून निरोप आला की 'मी ठरवलं' असं म्हणतो. मागच्या माणसाने "काका, चला की" म्हटलं तेव्हा तो निघाला. सकाळी कपाटासमोर दोन शर्ट हातात घेऊन तो एवढा वेळ उभा राहिला, की बायकोने त्यातला एक काढून घेऊन पुन्हा आत ठेवला. "झालं," ती म्हणाली. "आता एकच आहे. घाला." चहाचा कप तोंडाला लावण्याआधी उजेडासमोर धरताना तिने त्याला पाहिलं. तिला ताईच्या ठिपक्याबद्दल त्याने सांगितलं होतं. हाताबद्दल नव्हतं सांगितलं.

आणि हातावर विश्वास तरी किती ठेवायचा, हा खरा घोर होता. बसमध्ये, जिन्यात, दाढी करताना तो तेच तेच उलटसुलट करत राहिला. हात उगाचच उठला असेल, मागे दिवा आणि पुढे काच दिसली म्हणून, बैल वाट दिसली की गोठ्याकडे वळतो तसा. मग त्याला काहीच अर्थ नाही, आणि ताईने आपलं काळीज एका बैलाच्या भरवशावर सोडलेलं आहे. पण हाताला खरोखर काही दिसलं असलं तर? तीन वर्षांपूर्वीच्या, डॉक्टर साफ म्हणतात त्या फिल्ममध्ये? तर तो ठिपका तेव्हाही होता. तेव्हाही होता आणि इतक्या वर्षांत तो फारसा वाढला नाही, म्हणजे थांबायला हरकत नाही. म्हणजे हाताचं ऐकायचं तर थांबायचं, आणि ताईला वाटतंय की हात काढून टाक म्हणाला. इथवर आलं की त्याला जरा बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की लगेच संशय यायचा, की आपल्याला हवं ते आपण हाताच्या तोंडी घालतोय. ताई मरू नये एवढंच त्याला हवं होतं. हे अगदी साधं होतं, आणि त्यातून काहीच ठरत नव्हतं.

ताईने मात्र एकदा, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, एका क्षणात ठरवलं होतं. तो नऊ वर्षांचा होता, ती अठराची. आई आधीच गेली होती; वडील गेल्याला महिना झाला असेल. दूरच्या शहरातले काका आले, खोलीत एकच खुर्ची होती तिच्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "याला मी घेऊन जातो. शिकेल. तुझंही पुढे काही होईल." ताई शिवणयंत्रावर वाकलेली होती. चाक थांबलं नाही, मान वर झाली नाही. "नाही," ती म्हणाली. "तो इथेच राहील." काकांनी पेला खाली ठेवला त्याचा आवाज त्याला आजही ऐकू येतो. दारामागच्या खुंटीवर एक निळी पिशवी लटकत होती, तीही आठवते, का आठवते कोण जाणे. त्या 'नाही'नंतर ताईचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांना नवरीबरोबर नऊ वर्षांचा भाऊ नको होता. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. तो मात्र मोठा होत गेला तसतसं त्याला वाटत गेलं, की किती विचार केला असेल हिने त्या महिन्यात, किती पारडी तोलली असतील, आणि शेवटी मन घट्ट करून तो एक शब्द उच्चारला असेल. असं ठरवता आलं पाहिजे, असं तो स्वतःला सांगायचा. पुढे नोकरी, लग्न, घर, प्रत्येक वेळी त्याने तसं ठरवायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी शेवटी काहीतरी आपोआपच झालं.

बुधवारी तो खुर्चीत बसला आणि पट्टा सुरू झाला आणि त्याला बाटल्या दिसायला लागल्या. आधी एक बाटली दिसली. तिची मान, खांदा, पोटावरची उजेडाची उभी रेघ. मग दुसरी, तिचीही मान आणि खांदा. तो प्रत्येकीला विचारत होता, तू कशी आहेस, आणि उत्तर यायच्या आत ती निघून जात होती. हात गुडघ्यावर पडून होता, वाट बघत. म्हाताऱ्याने खुर्चीला पायाने धक्का द्यावा असं त्याला फार वाटलं, पण म्हातारा जाऊन वीस वर्षं झाली होती. पंधराव्या मिनिटाला पुढच्या टप्प्यावरची घंटा वाजली. तिथे बसणाऱ्या बाईला सगळे घार म्हणायचे, आणि ती घंटा वाजवते तेव्हा आधीच्या खुर्चीतून तडा गेलेली बाटली सुटलेली असते. त्याच्यासाठी ही घंटा वर्षातून एखाद्या वेळी वाजायची. त्या दिवशी चारदा वाजली. विश्रांतीला हिरव्या भिंतीपाशी येऊन घार म्हणाली, "काय हो, आज डोळे घरी ठेवून आलात?" तिने ते हसत म्हटलं होतं, पण त्याच्याकडे बघून तिचं हसू मावळलं आणि तिने आपल्या डब्यातलं अर्धं सफरचंद त्याला दिलं.

संध्याकाळी तो फोरमनकडे गेला. फोरमन त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, कानामागे पेन्सिल खोचून ती सगळीकडे शोधणारा. त्याला याने सांगितलं, की उद्या माझ्या मोडीच्या पेटीत गोणपाट घाला, बाटल्या फुटू देऊ नका, पाळी संपल्यावर मला त्या एकेक करून बघायच्या आहेत. "कशाला?" फोरमनने विचारलं. "बघायच्या आहेत," तो म्हणाला. एकतीस वर्षांत त्याने पहिल्यांदाच काही मागितलं होतं, म्हणून असेल, फोरमनने पुढे विचारलं नाही.

गुरुवारी हात पुन्हा चालायला लागला. कसा, ते कळलं नाही. त्याने गोणपाटाचा विचार करायचं ठरवलं होतं, आणि गोणपाटाचा विचार करता करता हात आपल्या कामाला लागून गेला. पाळी संपली तेव्हा पेटीत एकाहत्तर बाटल्या होत्या. फोरमन आणि तो तपासणीच्या टेबलाशी बसले, वर मोठा दिवा, हातात भिंग. बाटली फिरवायची, दोष दिसला की डाव्या बाजूला ठेवायची, नाही दिसला तर उजव्या. बुडबुडा. खडा. तडा, गळ्याच्या आतून. बुडबुडा. हे सगळं हाताला अर्ध्या श्वासात कसं दिसलं असेल याचं फोरमन कौतुक करत होता, आणि त्याचं लक्ष उजव्या बाजूला उभ्या राहिलेल्या एका बाटलीकडे होतं. मग दुसरी. शेवटी बासष्ट डावीकडे होत्या आणि नऊ उजवीकडे. त्याने त्या नऊ पुन्हा घेतल्या, दिव्याखाली फिरवल्या, बोटाने वाजवल्या, बुडाकडून पाहिल्या. त्यांच्यात काहीही नव्हतं. स्वच्छ, सरळ, चांगल्या बाटल्या होत्या त्या, आणि रोज अशा नऊ-दहा त्याने पेटीत फोडल्या असणार, एकतीस वर्षं.

"नऊ," तो म्हणाला.

"मग? नऊ म्हणजे काहीच नाही," फोरमन म्हणाला. "घारीच्या पंधरा निघतील. तुम्ही काय स्वतःला शंभर नंबरी समजत होतात?"

"हो," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

फोरमन हसला. "अहो, मला नऊ चांगल्या फुटलेल्या चालतात. एक वाईट निसटलेली चालत नाही. कोणाच्या हातात फुटली तर? तुम्हाला पहिल्या दिवसापासून तसंच तर शिकवलंय. शंका आली की टाक. टाकलेली काच कुठे जाते? भट्टीत. उद्या पुन्हा बाटली होऊन तुमच्याच समोर येईल." कानामागची पेन्सिल खिशात शोधत तो निघून गेला. टेबलावर नऊ बाटल्या रांगेत उभ्या होत्या. म्हणजे हात जाणता होता तितकाच भित्रा होता, आणि त्याला भित्रा राहायलाच शिकवलेलं होतं, कारण त्याच्या जगात चुकून फोडलेलं पुन्हा भट्टीत जाऊन नवं होऊन येत होतं. ताईला पुन्हा ओतता येणार नव्हतं. त्याने एक बाटली खिशात घातली, बाकीच्या आठ पेटीत ठेवल्या, आणि घरी जाताना रस्ता कसा ओलांडला ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

शुक्रवारी कामावरून तो थेट ताईकडे गेला. ती मोठ्या टेबलावर करड्या रंगाचं कापड पसरून त्याच्यावर खडूने रेघा मारत होती. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिने भुवयांनीच बस म्हटलं. त्याने बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. हात डावीकडे गेला होता हे, डावीकडची जुनी आणि साफ होती हे, नऊ बाटल्यांचं, भट्टीचं. मध्ये थांबला तर सांगता येणार नाही असं वाटून तो एका दमात बोलला. ताईने एकेक टाचणी काढून उशीत खोचली.

"म्हणजे तू मला मंगळवारीच सांगायला हवं होतंस," ती म्हणाली.

"हो. चुकलं माझं."

"मी तीन दिवस ऑपरेशनची तयारी करतेय मनातल्या मनात. त्या कोटवालीला दुसरीकडे जा म्हणून सांगितलंसुद्धा." मग जरा थांबून म्हणाली, "डॉक्टरांना सांग हे."

"हसतील."

"हसू देत. हसल्याने काही बिघडत नाही." तिने फोन त्याच्यासमोर सरकवला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फोन धरून ठेवायला सांगितलं, बराच वेळ कागदांचा आणि चौकटीच्या खटक्याचा आवाज येत राहिला, आणि मग ते म्हणाले, "फासळीच्या सावलीत काहीतरी असल्यासारखं वाटतंय खरं. पण तुम्ही सांगितल्यावर वाटतंय. आता मला ते न बघता येणार नाही, म्हणून माझ्या आत्ताच्या बघण्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही. रस्ते दोनच आहेत, तुम्हाला सांगितले तेच." त्याने फोन ठेवला आणि ताईला शब्दन् शब्द सांगितला. ती मान हलवत राहिली. इतका खरं बोलणारा डॉक्टर मिळाला हे नशीबच, असं म्हणून तिने कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"ताई," तो म्हणाला, "काकांना तू नाही म्हणालीस, तेव्हा किती दिवस विचार केला होतास?"

"कधी?"

"मला न्यायला आले होते तेव्हा."

ती खुर्चीवर बसली. "विचार कसला? मी हो म्हणणार होते. आदल्या दिवशी तसं ठरवलंच होतं, रात्रभर रडून. तुझी पिशवीसुद्धा भरून ठेवली होती, दाराच्या मागे. दोन शर्ट, दोन चड्ड्या, पाटी."

"निळी."

"निळी. मग काका म्हणाले, याला घेऊन जातो, आणि माझ्या तोंडातून 'नाही' निघून गेलं. मलाच धक्का बसला. मान वर केली असती तर काकांना दिसलं असतं, म्हणून मी शिवतच राहिले. काय शिवलं कोण जाणे, नंतर सगळं उसवावं लागलं."

"मग?"

"मग काय. निघालं ते निघालं. काका गेल्यावर तुझी पिशवी रिकामी केली, आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन घरचं शिवण मागून आणलं. ठरवायचं जे काही होतं ते मी नंतर रोज थोडं थोडं ठरवत बसले."

"बरोबर होतं का ते?"

"मला काय ठाऊक? गेला असतास तर डॉक्टर झाला असतास कदाचित. आज तूच मला दोन रस्ते दाखवत बसला असतास." ती हसली, आणि मग हसायची थांबली. "मला भीती वाटते रे, धाकट्या. काढायचीही वाटते आणि थांबायचीही वाटते. सारखीच वाटते. म्हणून तुझ्यावर टाकलं. हाताबिताचं जाऊ दे. तू सांग."

त्याने तिच्याकडे पाहिलं. टेबलाच्या कडेला टेकलेले तिचे हात, अंगठ्यावर कात्रीने पडलेला घट्टा, घोट्यांवर सुजलेले पाय, मागची खिडकी, खिडकीतल्या उजेडात उभी असलेली रिकामी बाटली. तो काही तोलत नव्हता. तोलून झालेलं होतं, त्याचे काटे कधीच मधोमध येऊन थांबले होते. "थांबू," तो म्हणाला. आवाज ऐकून त्याने स्वतःच मान वर केली. आपण हे म्हणणार आहोत हे त्याला एका श्वासापूर्वी माहीत नव्हतं. तो शब्द परत घ्यावा असं फार वाटलं. तोंड उघडेना.

"बरं," ताई म्हणाली. तिने कात्री उचलली आणि करड्या कापडात घातली.

"आणि मी इकडे राहायला येतो. तीन महिने."

"कशाला? मी काय पळून जातेय?"

"निघालं ते निघालं," तो म्हणाला.

बायको म्हणाली, "जा. मलाही जरा मोकळं घर मिळेल, पेले जागच्या जागी राहतील." आणि मग तीच त्याची पिशवी भरायला बसली, आणि दर रविवारी येऊन ताईच्या घरी दोघांची खरडपट्टी काढून जाऊ लागली. तो ताईच्या बाहेरच्या खोलीत झोपायचा. सकाळी ती खोकली की तो डोळे मिटून पडल्या पडल्या ऐकायचा, कालच्यापेक्षा जास्त का कमी, आणि मोजायचं नाही असं ठरवूनही मोजायचा. काही दिवस त्याला वाटायचं, की आपण बहिणीला आपल्या हाताने मारतोय, आत्ता उठावं आणि डॉक्टरांना फोन करून सांगावं की काढा. असं वाटलं की तो उठून तिच्यासाठी चहा करायचा. ताईने कोटवालीला परत बोलावून घेतलं. ती बाटली खिडकीतच राहिली. ताई तिच्यात सुट्या टाचण्या ठेवायला लागली. येता-जाता तो ती बाटली उजेडात फिरवून बघायचा. आपल्या हाताला हिच्यात काय दिसलं होतं ते त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही, आणि हळूहळू तो शोधेनासा झाला. कामावर घंटाही पुन्हा पूर्वीसारखीच क्वचित वाजायला लागली.

तीन महिन्यांनी ते पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसले. आता तीन फिल्म होत्या. डॉक्टर त्या चिमट्यांना अडकवत असताना ताईने पर्स दुसऱ्या हातात घेतली, आणि दिव्याचं बटण दाबलं जाण्याआधी आपला हात त्याच्या उजव्या हातावर ठेवून खाली दाबला. जड होता तिचा हात, जन्मभर कात्री धरलेला. "काय निघेल ते निघो," ती पुटपुटली. "तू चुकलास असं मी म्हणणार नाही." दिवा लागला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पट्टी घेऊन ठिपका मोजला, मग जुन्या फिल्मवर फासळीच्या सावलीत काहीतरी मोजलं, मग पुन्हा पहिला मोजला. "वाढलेला नाही," ते म्हणाले. "सहा महिन्यांनी एकदा बघू." ताईने हात काढला नाही. डॉक्टरांशी बोलून झालं, कागद घेऊन झाले, दोघं उठले, तेव्हा काढला.

जिन्यात तिने विचारलं, "उठत होता का रे?"

"मला कसं कळणार? तू दाबून धरला होतास."

"बरं केलं मग," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागली.

दुपारी घरी आल्यावर ती यंत्रावर बसली, कोटाचं अस्तर राहिलं होतं. त्याने खुंटीवरची आपली पिशवी काढली आणि शर्ट घड्या करून तिच्यात ठेवायला सुरुवात केली. बायकोला कळवलेलं होतं, संध्याकाळपर्यंत येतो म्हणून. दुसरा शर्ट ठेवला, दाढीचं सामान ठेवलं. यंत्राचं चाक फिरत होतं.

"आजचा दिवस राहा," ताई म्हणाली. मान वर झाली नव्हती. मग चाक थांबलं, आणि तिने वर पाहिलं, जरा चकित होऊन, जणू दुसरंच कोणीतरी बोललं होतं.

त्याने शर्ट पुन्हा बाहेर काढले आणि पिशवी खुंटीला लावली.